पन्नास रुपयांची पावती

पनवेलच्या एसटी स्टँडजवळ, एका औषधाच्या दुकानाच्या वर माझी समुपदेशनाची खोली आहे. काही वर्षांपूर्वी उरणकडच्या एका गावातून मासळी विकणाऱ्या एक मावशी माझ्याकडे येऊ लागल्या. त्यांची मुलगी बाळंतपणात गेली होती. तेव्हापासून त्यांना झोप नव्हती.

पहिल्याच दिवशी मी सांगून टाकलं, "मावशी, फीचं मनातही आणू नका. तुमच्याकडून मी काही घेणार नाही." तेव्हा मला स्वतःचंच कौतुक वाटलं होतं.

त्या चारदा आल्या. काही विचारलं की "बरं हाय आता" म्हणायच्या आणि अर्ध्या तासात उठायच्या. मग येणंच बंद झालं. मी फोन केला.

"ताई, लाज वाटते. बाहेर बाकावर पैसं देणारी मानसं बसलेली असतात. मी फुकट त्यांचा टाइम खाते."

"मग किती दिलेत तर बरं वाटेल?"

मागून बाजाराचा गलका ऐकू येत होता. "पन्नास. आन पावती पायजे."

पुढच्या वेळी मी पावती केली. वर पूर्ण फी, खाली सवलत, त्याखाली मिळाले पन्नास. मधल्या आकड्यावर त्यांनी बोट ठेवलं. "हे काय?"

"हे मी कमी केले. ज्यांना जड जातं त्यांना करते. तुमच्यासारखे आणखी चार जण आहेत."

"म्हंजे मी एकटीच नाय," असं म्हणून त्यांनी पावती कमरेच्या पिशवीत ठेवली आणि पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकली. तेवढ्यात माझा फोन वाजला, मी नुसता बघितला.

"ताई, फोन ठेवा बाजूला. आता माजा टाइम हाय."

मी ओशाळून तो खणात टाकला. मग त्या बोलल्या. मुलगी दुखतंय म्हणाली तेव्हा आपणच तिला गप्प केलं, सकाळपर्यंत थांबवलं. नात वाचली, पण आजवर तिला मांडीवर घेतलं नव्हतं. "तिला बघितली का पोरच दिसते," म्हणाल्या आणि खूप रडल्या. मी काही समजावलं नाही, शेजारी जाऊन बसले.

त्यानंतर त्या आठ महिने नेमाने आल्या. झोप हळूहळू परत आली. शेवटच्या दिवशी नातीला कडेवर घेऊन जिना चढल्या. पोरीने माझा चष्मा ओढला, तशा मावशी हसत म्हणाल्या, "आईवर गेलीय. ती पन अशीच होती."