मयेकर सरांचा ओरडा

"ही अक्षरं आहेत की दोरीवर वाळत घातलेले बोंबील? बुरोंडीहून इथवर हेच शिकायला आलीस गो?"

मयेकर सर शमिकावर ओरडत होते. आवाज असा की खालच्या गोदामात आंब्याच्या पेट्या ठोकणाऱ्यांचे हातोडे हवेतच थांबले, आणि तिकडे भाट्याच्या पुलावर रिक्षावाल्यांनी मागून ट्रक आला समजून बाजू दिली. शमिका मान खाली घालून उभी. आणि मागच्या बाकावर मी, जळून कोळसा.

कारण आमच्या ग्राफिक डिझाइनच्या वर्गात सरांचा ओरडा म्हणजे बक्षिसाची ढाल होती. ती दर वेळी शमिकाच्या घरी जायची. माझ्या कामापुढे सर घटकाभर थांबत, पेन्सिल कानावर ठेवत आणि म्हणत, "बरं आहे. पुढे." बस्स. शेजाऱ्याकडे आलेला पाहुणाही चहाला तरी थांबतो!

सरांना जाऊन वर्ष होत आलं, तरी तो आवाज अजून जिन्यात भेटतो. देह सुकटीसारखा, आवाज बंदरातल्या भोंग्यासारखा. मुंबईत जाहिरातींच्या धंद्यात उमेदीची वर्षं घालवून ते रत्नागिरीला परतले होते. पहिल्या दिवशी दारातच वेताची टोपली घेऊन उभे. "फोन टोपलीत!" टोपली मासळीचीच होती. माझा फोन वाजला की घरचं मांजर ताटाशी येऊन बसायचं, यात तिळाएवढी अतिशयोक्ती नाही.

नियम सांगितले ते असे. पहिला महिना कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. चुकलेले कागद सांभाळायचे, "कागद फाडाल तर मी तुम्हाला फाडीन." अक्षर ताणून रुंद करायचं नाही, "अक्षराला हाडं असतात, मेल्यांनो!" आणि सगळ्यात जाचक नियम शनिवारचा. काम भिंतीवर टाचायचं, बाकीच्यांनी बोलायचं आणि ज्याचं काम त्याने तोंड मिटून उभं राहायचं. कुणी खुलासा करायला गेला की सर गरजत, "तुझं पोस्टर एसटीत बसून देवरुखला जाईल. मागच्या सीटवर बसून तू पण जाणार काय समजवायला?"

वर्ष संपताना सर एकाला आपल्या टेबलाशी बसवत. त्यांच्या खऱ्या, गिऱ्हाइकांच्या कामावर, त्यांच्यासमोर. ती खुर्ची मला हवी होती. लोकांना आमदारकी हवी असते, तशी हवी होती.

मग मी ओरडा मिळवायचा विडाच उचलला. उशिरा आलो. "बस." वाकडी अक्षरं काढली. "बरं आहे." शेवटी महापाप केलं: एक 'क्ष' असा ताणला की त्याचं एक टोक हर्णैला आणि दुसरं राजापूरला. सरांनी पाहिलं. पेन्सिलीला टोक काढलं. "बरं आहे. पुढे."

"सरांचा ओरडा हवाय तुला?" बाहेर आल्यावर शमिका फणकारली. "घेऊन जा की सगळा! माझ्या कानात दुपारपर्यंत शिट्टी वाजते."

असं म्हणणं सोपं असतं. पोट भरलेल्या माणसालाच जेवणाचा कंटाळा येतो.

शेवटच्या शनिवारी सरांचा घसा बसला. डॉक्टरांनी बोलायला बंदी केलेली. काम होतं खाडीच्या जेटीवर लावायची फेरीबोटीच्या वेळांची पाटी. भिंतीवर शमिकाची पाटी लागली. सरांनी मला बोटाने पुढे बोलावलं आणि घोगऱ्या आवाजात कुजबुजले, "तुझा घसा मोठा. आज तू ओरड."

मला आणखी काय हवं होतं! वर्षभर पोटात साठवलेलं सगळं बाहेर आलं. "अर्ध्या पाटीवर बोट कशाला काढलीस गो? समोर पाण्यात खरी बोट उभी आहे की! माणूस घाटीच्या उतारावरून धापा टाकत धावत येतोय, हातात मासळीची पिशवी, शेवटची बोट गेली की राहिली एवढंच त्याला बघायचंय. आणि तू ती वेळ लपवलीस कुठे? खाली कोपऱ्यात, नाटकातल्या शिपायासारखी! आणि हा निळा? पाणी निळं, आभाळ निळं, पाटीही निळी. दिसणार काय, तुझा कपाळमोक्ष?"

खाली हातोडे थांबले. माझ्या गर्जनेला थांबले! शमिकाने पाटी उतरवली, बोट पांढऱ्या रंगाखाली गाडली, शेवटच्या फेरीची वेळ वर घेऊन हाताएवढी काळी केली आणि पाटी पुन्हा टाचली. जिन्यातून चहावाला वर येत होता, तो पायरीवरूनच म्हणाला, "साडेदहाला शेवटची? बरं झालं कळलं."

माझ्या अंगाची लाही झाली. मी सांगितलं होतं ते सगळं तिने केलं होतं, आणि तसं माझ्या हाताने जन्मात कधी झालं नसतं, हे सगळ्या वर्गासमोर भिंतीवर टांगलेलं होतं. शेजारी माझी पाटी होती. नीटनेटकी. कुणी बघतही नव्हतं.

सरांनी शमिकाकडे बघून टेबलाशेजारच्या खुर्चीकडे मान हलवली.

तसा मी उसळलो. शनिवारचा नियम गेला खाडीत! "आणि मी? वर्षभरात माझ्यावर एकदा तरी ओरडलात का? दगडावर तरी माणूस ठेच लागली की ओरडतो! माझ्यात काय नाही ते आज सांगाच!"

सरांनी घसा खाकरला. डॉक्टरांची बंदी पुन्हा मोडून, पण आवाज न चढवता, ते म्हणाले, "डोळा आहे. हात नाही. सोमवारपासून नवीन पोरांना तू शिकव."