यमुनाबाईचं बोट

हे मी आजवर कुणाजवळच बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळही नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही यमुनाबाईला ओळखत नाही, म्हणून असेल.

ब्रह्मपुरीत बसस्टँडच्या मागे माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. तिथल्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स आहे — ते मी स्वतः टाकलं, आणि त्याचा मला कोण गर्व! येईल त्याला ऐकवायची, माझ्याकडे व्हायरसची भानगड नाही. फोन वायरनं जोडायचा, फोनवर ‘फाइल ट्रान्सफर’ निवडायचं, की आतलं सगळं कॉम्प्युटरवर दिसतं. लोकांचे फोन नेहमी गच्च भरलेले. म्हणून मी कॉपी करत बसत नसे, सरळ कट करायची. म्हणजे फाइल इकडे येते आणि तिकडून जाते, फोनही रिकामा होतो. सवयच ती.

आठ वर्षांपूर्वी यमुनाबाई आली. धानाच्या रोवणीला, कापणीला जाणारी बाई. तिचा नवरा झाडीपट्टीच्या नाटकांत गायचा. त्या पावसाळ्यात तापानं गेला. त्याच्या फोनमध्ये तालमीतली गाणी होती, आणि फोन मधूनच बंद पडायला लागला होता. “गाणे कॉम्पुटरात ठेवून द्या जी म्याडम,” ती म्हणाली. “पोरगी लहान हाये. मोठी झाली का बापाचा आवाज आयकन.”

हे ऐकूनही मी कट केलं.

काम नुकतंच सुरू झालं असताना वायरला धक्का लागला — नाही, लागला कसला? दुसरे कागद ठेवायला मीच फोन उचलून बाजूला सारला. वायर ढिली आहे हे ठाऊक असून. मग पाहते तर कॉम्प्युटरवर सतरा गाण्यांची नुसती नावं, प्रत्येकापुढे आकार शून्य. फोनमध्येही काही उरलं नव्हतं.

माझ्या हातून गेलं — एवढंच तर म्हणायचं होतं. पण दुकानात चार माणसं बसली होती, आणि माझं गावात नाव होतं. मी म्हटलं, “बाई, याच्यात पयलेपासूनच काई नव्हतं.”

“सकारी तं आयकलं मी...”

“मंग आयकतानी तुमचंच बोट लागलं असन.”

ती आपल्या बोटांकडे बघत राहिली. “मायाच हातानं गेलं असन. मले का समजते त्यातलं?” वर मला त्रास दिला म्हणून माफी मागून गेली. माफी — माझी!

पुढे कानावर आलं, सासू तिला त्यावरून बोलते. कुणी फोन पुढे केला की ती हात पदरात घेते. ती सतरा नावं मी पुसलेली नाहीत. अधूनमधून एखादं उघडून बघते. काही वाजत नाही, हे मला माहीत आहे. तरी तेवढा वेळ दुकानात कुणी बोललेलं मला सहन होत नाही.

गेल्या आठवड्यात ती पोरीच्या फॉर्मसाठी आली. तिच्या अंगठ्याचा ठसा हवा होता. मशीन पुढे केली तशी ती मागे सरली. “माया बोटानं काई बिघडन तं नाई ना जी?”

पोरगी हसली. “बाबाचे गाणे हिनंच पुसले ना म्याडम, तवापासून भेते.”

मी यमुनाबाईचा अंगठा धरून मशीनवर टेकवला. “काई नाई बिघडत,” म्हणाले. गाणी मी घालवली, तुझ्या आईनं नाही — हे मी त्या पोरीला सांगितलं नाही.