डावखुऱ्याची गाठ

आमचे काका लिफ्ट कंपनीत मेकॅनिक, आणि एक नंबरची भित्री भागूबाई. तरी सुट्टीच्या दिवशी बाहेरच्या लिफ्ट दुरुस्त करायचे. कंपनीच्या करारात नेमकी त्यालाच बंदी होती.

काकू म्हणायची, "त्या कमाईवर टॅक्स भरता ना? मग घाबरता कशाला?"

"सरकारला सांगितलंय गं, साहेबांना कुठे सांगितलंय!"

दाराची बेल वाजली तरी ते हत्यारांची पिशवी पलंगाखाली सरकवायचे. पण हाताची सवय जाईना. काम कंपनीचं असो की बाहेरचं, संपलं की वायरींच्या जुडग्याला डाव्या हाताने दोऱ्याची उलटी गाठ मारायचेच.

एक दिवस साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर दोऱ्याचा तुकडा होता, गाठीसकट.

"माझ्या मेव्हण्याच्या बिल्डिंगमधली लिफ्ट कुणी दुरुस्त केली हो?"

काकांनी डावा हात पाठीमागे लपवला. साहेब हसले.

"ही गाठ तुमची. आता गाठ माझ्याशी आहे."