काठाकडे पाठ करून

पोहता येतं म्हणजे पाण्याबाहेरही येता येतं, असं मी पन्नाशीला टेकेपर्यंत धरून चालले होते.

साताऱ्याला धरणाच्या पाण्यात पोहणाऱ्या आम्हा बायकांचा एक गट आहे. त्यात सगळ्यात जास्त तोंड माझं चालतं. एकटीनं उतरायचं नाही, भरल्या पोटी उतरायचं नाही, कमरेला तरंगणारा केशरी फुगा बांधल्याशिवाय तर नाहीच नाही. बाकीच्या माझ्यामागं माझी नक्कल करतात, तेही मला ठाऊक आहे. यंदा समुद्रातली एक स्पर्धा तोंडावर आली आणि नेमकं तेव्हाच तासगावजवळ दिराच्या मळ्यात राहायला जावं लागलं. सराव बुडवणं माझ्या रक्तात नाही. कृष्णेत मगरी, म्हणून नदीचं नावच नको. मग माझा डोळा गेला द्राक्षबागेच्या शेततळ्यावर. चांगलं ऐसपैस, खोल, खाली काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला. ना गाळ, ना ओढ. मी तर खूशच झाले.

सकाळी धाकट्या जावेला काठावर बसवलं. तिला पोहता येत नाही, पण सोबत हवी म्हणजे हवीच. ती मेथीची जुडी घेऊन निवडत बसली आणि मी उतरत्या कागदावरून पोराटोरांसारखी घसरत पाण्यात गेले. पाणी गार होतं. मनसोक्त पोहले. हात दुखायला लागले तशी काठाला आले आणि कागदावर पाय टेकला.

पाय सटकला. मला हसूच आलं. पुन्हा टेकवला, पुन्हा सटकला. पाण्याखालच्या कागदावर शेवाळाचा थर होता आणि धरायला कुठे एक सुरकुतीसुद्धा नव्हती. तेल लावलेल्या कढईतून वर चढावं, तसं चाललं होतं. कोपऱ्यात जमेल म्हणून कोपरा गाठला. तिथंही तेच. कोपरं घासली, नखं रुतवायला बघितली, आणि दर खेपेला हनुवटीपर्यंत परत पाण्यात. हात भरून आले. काठ चार हातांवर होता, आणि मला बाहेर येता येत नव्हतं! इतकी वर्षं पाण्यात काढलेली बाई मी. माझा विश्वासच बसेना.

"आगं, वर कसं यायचं इथनं?" मी ओरडले.

जाऊ ताडकन उठली. "दोर हुता की वो हितं! बेदाण्याच्या शेडला नेट बांधायला न्हेला वाटतं. थांबा, मी हात देते."

तिनं पदर खोचला आणि कागदावर बसून खाली सरकायला लागली. तिच्या एका पायातली चप्पल सुटली, घसरत आली आणि माझ्यासमोर पाण्यात पडली. चपलेमागून तीही येणार, हे मला दिसलं. "मागं हो! येऊ नकोस!" मी किंचाळले. ती ऐकते कुठली.

"हात द्या वो, ताई! हात!"

ती आणखी खाली आली. कोरडा कागद आता वीतभरच उरला होता. मी काठाशी धडपडत राहिले असते तर ती पुढची वीतही सरकली असती. मी तिच्याकडे पाठ केली आणि तळ्याच्या मध्यावर निघाले.

"आवं, कुठं चाललाय?" मागून तिचा आवाज फाटला.

मधे पोहोचल्यावर मला कमरेचा फुगा आठवला. इतका वेळ तो माझ्या मागं तरंगत होता आणि मला त्याची शुद्धच नव्हती. तो छातीशी धरला, दम घेतला आणि ओरडले, "वर जा! ट्रॅक्टरवरचा फवारणीचा पाइप आण. आधी कुंपणाच्या लोखंडी अँगलला बांध, मग टाक!"

ती जागची हलेना. मग एकदाची उलटी फिरली आणि हातापायांवर वर चढली. ती काठावर पोहोचेपर्यंत मी तिच्यासाठी देवाला हाका मारत होते, स्वतःसाठी नाही. तिनं पाइप बांधून आत टाकला, त्याला धरून मी सरपटत बाहेर आले आणि बांधावर आडवी पडले.

वाटलं, आता ही गळ्यात पडेल. ती उभ्या उभ्या भडकली.

"कशाला गेलासा मधी? मी हात देत हुते न्हवं?"

"अगं, तू आत पडली असतीस."

"पडले असते तर पडले असते. तुमी आत गटांगळ्या खाताय आन् मी काय वरनं बघत बसू व्हय?"

शेजारणीकडे विरजण मागावं इतक्या साधेपणानं ती हे बोलली. लग्न होऊन ती घरात आल्यापासून आमचं कधी फारसं जमलं नव्हतं. पाण्यात आवरलेलं रडू बांधावर फुटलं, आणि ती अजून रागातच पदरानं माझं डोकं खसाखसा पुसत होती.