जिजीचा खोटा ताप

जिजीला एक अक्षर येत नव्हतं, पण स्वतःचं दुखणं तिच्याइतकं नीट मांडणारी बाई मी पुढे शिकलेल्यांतही पाहिली नाही. जिजी म्हणजे माझी धाकटी चुलती. आमच्या कडेगावच्या घरी बायका बाहेरच्या झाल्या की पडवीच्या कोपऱ्यात बसत. तिथल्या भिंतीवर ती गेरूनं खुणा करायची. अंगावर जाईल त्या दिवशी रेघ, फार गेलं तर जोडरेघ, ओटीपोट दुखलं तर टिंब, घेरी आली तर फुली. महिन्याला चार-पाच रेघा असायच्या, त्या बारा-पंधरा होऊ लागल्या.

"जिजी, भिंतीवर शाळा भरवलीयास का गं?" मी चिडवायचे.

"आगं, डागतराचं नाव काडलं की माजी वाचाच बसती. ह्या रेघा बोलत्याल की!"

काका पलटणीतून लढाईवर गेला होता. तो यायच्या आत तिला बरं व्हायचं होतं. "घरात एक पोर खेळाया पायजे, बाळे," म्हणायची. दुसरं काही मागणं नव्हतं बाईचं.

सुनेला पुरुष डॉक्टरापुढे न्यायचं नाही, हा घरचा दंडक. म्हणून आजोबा विट्याच्या बाजारादिवशी डॉक्टरांकडे कागद नेणार होते. लिहिणारी मी, तेरा वर्षांची शहाणी! जिजी एकेका खुणेवर बोट ठेवून सांगत होती आणि माझे कान लाल झाले होते. आजोबा वाचतील की! विटाळ हा शब्द लिहायला हात धजेना. मी रेघेला 'ताप' लिहिलं, जोडरेघेला 'फार ताप'. ओटीपोटाच्या टिंबाला 'अंगदुखी'. मेली माझी अक्कल!

डॉक्टरांनी हिवतापावरचं कोयनेल दिलं. कडूजहर ते औषध जिजी महिनोन् महिने नेमानं प्यायली. कान वाजायचे तिचे. भिंतीवर रेघा वाढताना मला दिसत होत्या. तेव्हा तरी बोलायचं! पण आता आपली चोरी उघडी पडेल याची लाज.

शेवटी ती विहिरीवर चक्कर येऊन पडली, तेव्हा तिला मिरजेला डॉक्टरीणबाईंकडे नेलं; सोबतीला मीही गेले. आजोबांनी तोच कागद पुढे केला.

"ताप कधीपासून येतो?" बाईंनी विचारलं.

"ताप? मला ताप कवा हुता, बाई?"

बाईंनी कागद मोठ्यानं वाचला. जिजीनं एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी फरशी बघत उभी.

"माज्याच तोंडून चुकीचं निगालं असंल," ती म्हणाली. "पोरीनं मी सांगिटलं तसं लिवलं."

पोटात गाठ वाढली होती. आधी कळतं तर काही करता आलं असतं, असं बाई म्हणाल्या. पिशवी काढावी लागली. काका धडधाकट परत आला, पण घरात पोर खेळलं नाही. जिजीनं मला त्याबद्दल कधी एक शब्द विचारला नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

पुढे माझी लेक वयात आली. जिजीनं तिला जवळ बसवून घेतलं. "कितीबी दुखू दे, कितीबी जाऊ दे, लाजायचं न्हाई. जे हाय त्येच लिवायचं."

मी तिथंच भाजी निवडत होते. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.