मेथीच्या डब्यातली साखर

खालांच्या स्वयंपाकघरात साखर हवी असेल तर मेथीचा डबा उघडावा लागे. मेथी हवी म्हणून साखरेचा डबा उघडून उपयोग नव्हता, त्यात जवस असे. मेथी असे शेवेच्या डब्यात, आणि शेव घरात नसेच. मिठाच्या डब्यात मात्र मीठच असे. त्यामुळे तर माझा जास्तच घोळ व्हायचा. इथे सगळं उलटं आहे असं एकदा मनाशी धरलं की मीठ शोधायला मी भलतेच डबे उघडत बसायची.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. माझं माहेर आणि सासर दोन्ही कोल्हारच्या बाजूचं. बदली झाली जामखेड तालुक्यात, शाळा खर्ड्याच्या रस्त्याला. नवरा तिकडे, मी इकडे, आणि शनिवारी दुपारी एसटी धरायची, असं चार वर्षं चाललं. जामखेडमध्ये मला खोली मिळाली ती खालांच्या घरात. गल्ली त्यांना खाला म्हणायची म्हणून मीही खाला म्हणू लागले. त्या मला बाई म्हणत. त्यांचे यजमान दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांना सगळे पेंटरचाचा म्हणत. मी राहायला आले तेव्हा ते जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा इम्रान पुण्यात एका कंपनीत होता. घरात खाला एकट्या, आणि ओटा आम्हा दोघींत एकच.

डब्यांवरची नावं चाचांच्याच हातची होती. लाल ऑइलपेंट, अक्षराला खालून काळी सावली, वेलांट्या अशा डौलदार की माझ्या वर्गातल्या मुलांना दाखवावं वाटावं. पहिल्याच दिवशी मी चहा ठेवला आणि साखरेसाठी डब्यामागून डबा उघडत गेले. तोवर चहा आटून निम्मा झाला. खाला आल्या, मेथीच्या डब्यातून अर्धा चमचा साखर काढून त्यांनी पातेल्यात टाकली आणि झाकण लावलं. "एवढी पुरं," म्हणाल्या. कोल्हारकडे आम्ही एका कपाला दोन चमचे घालणारी माणसं. मला कळेना की आधी साखरेबद्दल भांडावं की डब्यांबद्दल.

मी वर्गातल्या कपाटाला 'खडू', 'डस्टर', 'पट्ट्या' अशा चिठ्ठ्या लावणारी बाई. मला हे सहन होणं शक्यच नव्हतं. पहिल्या रविवारी मी गावी गेलेच नाही; खाला शेजारी गेल्या असताना कागदाच्या पट्ट्या कापून प्रत्येक डब्यावर खरं नाव चिकटवलं. संध्याकाळी बघते तर सगळ्या पट्ट्या ओल्या फडक्याने हलकेच काढून ओट्यावर रचून ठेवलेल्या.

"बाई, नावं हायेत की डब्यांला."

"अहो पण खाला, ती चुकीची आहेत!"

"चुकीची कशी आसतील? किती झ्याक काढलीत बघा की."

मी अक्षराच्या अर्थाबद्दल बोलत होते आणि त्या वळणाबद्दल. मी पट्ट्या गोळा करून केरात टाकल्या, पण आतून धुसफुसत होते.

धुसफुस जास्त अशासाठी की बाकीचं घर घड्याळासारखं चाले. बसल्या जागेवरून उठायचं झालं तर रिकाम्या हाताने उठायचं नाही, हा त्यांचा नेम. पाणी प्यायला उठल्या तरी जाताना वाळलेले कपडे कपाटाशी नेत, येताना पडलेली चप्पल जागेवर लावत. त्यामुळे त्यांच्याकडे आवराआवर म्हणून वेगळा कार्यक्रम कधी झालाच नाही. मी शाळेतून आल्यावर पर्स खुर्चीवर, ओढणी दारावर, डबा टेबलावर असं सोडून पाय पसरून बसे. त्या नुसत्या बघत. मग म्हणत, "बाई, आता उठालच ना कवातरी? मग तो डबा घिऊन जावा." चार-सहा महिन्यांत माझाही हात आपोआप काहीतरी उचलू लागला.

बाजारातून आल्यावर त्या पिशवी कोपऱ्यात टेकवत नसत. बुरखा काढला की लगेच भाजी निवडायला बसत. कोथिंबीर जुन्या मऊ धोतराच्या ओल्या फडक्यात, मेथीच्या जुड्या सोडून सैल, कालची काकडी पुढे आणि आजची मागे. "निवडून ठिवली तर पोटात जाती. पिशवीत ऱ्हायली की उकिरड्यावर," असं त्यांचं साधं म्हणणं होतं. मी आजवर किती भाजी उकिरड्यावर घातली असेल याचा विचार मी करत नाही.

आणि जेवण! दिवस मावळला, मगरिबची नमाज झाली की ताटं. ताटात आधी पाला: मुळ्याची पानं, कांद्याची पात, काकडी, मेथीचे चार कोवळे शेंडे, जे असेल ते. तो संपल्याशिवाय भाकरी वाढायच्या नाहीत. सुरुवातीला मला ते शेरडाला चारा घातल्यासारखं वाटायचं, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. त्या खळखळून हसल्या. "शेरडाला शुगर झाल्याली बगितली का कवा?" मग ज्वारीची नाहीतर बाजरीची भाकरी, डाळ, लसणाची चटणी. सकाळी मी चहात चार बिस्किटं बुडवून पळायची, ते त्यांनी पंधरा दिवस पाहिलं. सोळाव्या दिवशी दारात वाटी घेऊन उभ्या. मोड आलेली मटकी, वर कांदा, लिंबू. "ही खाल्ल्याबिगर गाडी चालू व्हनार न्हाई," म्हणाल्या, आणि खरोखरच माझ्या स्कूटीची चावी त्यांच्या मुठीत होती. कित्येक वर्षांची माझी पित्ताची गोळी त्या वर्षात सुटली. हे मी खालांना नीट कधी सांगितलंच नाही.

डब्यांचा उलगडा झाला तो दुसऱ्या उन्हाळ्यात. आम्ही दोघी ज्वारी निवडत बसलो होतो. मी पुन्हा एकदा, जरा चिडूनच, विचारलं की हे असं का. त्या थोडा वेळ खडे काढत राहिल्या. मग सांगू लागल्या.

"ह्येंन्ला शुगर निघाली. डाक्टर म्हनला, गोड बंद. हे व्हय व्हय म्हनले. आन दुपारी मी नमाजाला हुबी ऱ्हायले की हितं डबा वाजायचा. नमाज तोडता येत न्हाई, ह्येंन्ला ठावं हुतं."

मी हसू लागले. त्याही हसत होत्या.

"मग मी साखर जवसाच्या डब्यात घातली. चार दिसांत घावली. तांदळात घातली, ती बी घावली. लई हुशार मानूस. मग हे हिकडं, ते तिकडं, आसं वरीसभर चाललं. शेवटी मेथीत घातली. मेथीचं नाव वाचलं तरी त्यांचं तोंड कडू व्हायचं. ती काय त्येंन्ला घावली न्हाई."

त्यांनी सुपातले दाणे एकदा पाखडले.

"घावायच्या आतच गेले."

मी वेड्यासारखं विचारलं, "मग आता का नाही बदलत?" त्या म्हणाल्या, "आता बदलली तर मलाच घावायची न्हाई." ही थट्टा होती की खरं, ते मला तेव्हाही कळलं नाही. मग सूप खाली ठेवून त्यांनी माझा हात धरला. "इम्रानला सांगू नगा, बाई. बाप चोरून साखर खायचा, हे पोराला कशाला? त्याच्याम्होरं ते लई कडक ऱ्हायचे." मी शब्द दिला.

तिसरं वर्ष सरताना काही गोष्टी घडू लागल्या. त्यांना काय म्हणावं हे मला आजही नीट सांगता येत नाही. एकदा भलत्याच वारी त्या पिशवी घेऊन बाजाराला निघाल्या. आज बाजार नाही अशी मी आठवण करून दिली तर म्हणाल्या, "ठावं हाय. पाय मोकळं करायला चालले." पिशवी घेऊन? एकदा पालकाची भाजी झालेली असताना त्यांनी पुन्हा पालक चिरायला घेतला. विचारलं तर, "सकाळला व्हईल." आणि एकदा डब्यांच्या फळीपुढे हात वर करून किती वेळ तशाच उभ्या. मी हाक मारली तशी वळून म्हणाल्या, "इचार करते, काय करायचं." प्रत्येक वेळी उत्तर बरोबर होतं. माझ्या मनात शंका यायची, आणि मग वाटायचं, जिच्या घरात साखर मेथीत असते तिच्याबद्दल आपण काय खुळ्यासारखा अंदाज बांधतोय! दुसरं घर असतं तर चूक लगेच दिसली असती. इथे चूक कशाला म्हणायचं हेच मला ठाऊक नव्हतं.

मग एका सकाळी गॅसचा वास आला. मी धावत गेले. बटण चालू, ज्योत नाही, आणि खाला अंगणात तुळतुळीत घासलेली भांडी उन्हात पालथी घालत होत्या. "वाऱ्यानं इझला आसंल," म्हणाल्या. खिडकी उघडी होती, वाराही होता. पण शेजारणीलाही वास आला होता, आणि तिने पुण्याला फोन केला.

इम्रान रविवारी आला. मी नेमकी त्या आठवड्यात घरी गेले नव्हते. सणाला तो यायचा तेव्हा चहा त्याच्या हातात तयार मिळायचा. त्या दिवशी अम्मीला त्रास नको म्हणून तो स्वतः चहा करायला गेला. थोड्या वेळाने त्याने मला हाक मारली. ओट्यावर सगळे डबे उघडे.

"मॅडम, हे बघा. साखरेत जवस. शेवेत मेथी. हे काय झालंय?"

त्याचा चेहरा बघून मला त्याला धीर द्यावासा वाटला. "अहो, घाबरू नका," मी घाईने म्हणाले, "हे पहिल्यापासून असंच आहे."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "पहिल्यापासून? म्हणजे चार वर्षं? आणि तुम्ही एक फोन नाही केला?"

एक वाक्य पुरेसं होतं. पण ते न बोलण्याचा शब्द मी खालांना दिला होता, आणि त्या दारात उभ्या होत्या. इम्रानने त्यांना घरच्या भाषेत विचारलं, "अम्मी, शक्कर के डब्बे में जवस कायकू?" खालांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "रहने दे," एवढंच म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहिलं. मी गप्प राहिले. शब्द पाळायचा म्हणून राहिले, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण खरं सांगायचं तर मला तो गॅसचा वासही आठवत होता. बोलले आणि खाला इथेच राहिल्या, आणि उद्या काही झालं तर? "मला नक्की नाही सांगता येत," असं काहीतरी मी पुटपुटले. ते सगळ्यात वाईट वाक्य होतं. त्या मुलाने त्याचा घ्यायचा तोच अर्थ घेतला.

आठ दिवसांत खाला पुण्याला गेल्या. जाताना रडल्या नाहीत, माझ्यावर रागावल्याही नाहीत. मी रागवण्याची वाट बघत होते. गाडीची काच खाली करून म्हणाल्या, "बाई, सकाळचं उपाशी जाऊ नगा शाळंत." गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी मी तिथेच उभी. त्या माणसाचं माझ्यामुळे घर सुटलं, की माझ्यामुळे ते माणूस वाचलं, याचा हिशोब मला लागेना. अजून लागत नाही. पुढे माझी बदली कोल्हारकडे झाली. सकाळी मटकी खाते, उठताना हात रिकामा नसतो, ताटात आधी पाला असतो. नवरा मला शेरडू म्हणतो.

परवा इम्रानचा फोन आला. आवाज दमलेला.

"मॅडम, अम्मीचं काही कळत नाही. इथे बायकोने सगळं काचेच्या बरण्यांत लावलंय, काय कुठे ते लांबून दिसतं. पण साखर जागेवर राहत नाही. आधी पोह्यांच्या मागे सापडली, मग तांदळात. नवीन आणली तरी दुसऱ्या दिवशी गायब. डॉक्टरांची वेळ घेतलीय. म्हटलं आधी तुम्हाला विचारावं, तिकडेही असं करायच्या का?"

मग मी सांगितलं. चाचा, नमाजाची वेळ, जवस, तांदूळ, मेथी, सगळं. शब्द मोडला. सांगताना मला रडू येत होतं आणि लाजही वाटत होती.

"मॅडम," तो हळू म्हणाला, "मला मागच्या महिन्यात शुगर निघालीय. फक्त बायकोला माहीत आहे. अम्मीला आम्ही सांगितलेलंच नाही."

आणि त्यानेच पुढे विचारलं,

"मग तिला कळलं कसं? का ती मला अब्बा समजतेय?"

चार वर्षं मी त्या ओट्यावर त्यांच्या शेजारी उभी होते, तरी यातलं खरं कोणतं ते मला ठाऊक नव्हतं. सुचलं ते विचारलं, "आता सापडते का साखर?"

"नाही," तो म्हणाला. "आठ दिवस झाले, बिनसाखरेचा चहा पितोय."