बसून पगार नको

विजेची बटणं बनवणाऱ्या कारखान्यात वहिनी चौदा वर्षं तपासणीच्या टेबलावर होत्या. बारीकसा तडासुद्धा त्यांच्या नजरेतून सुटायचा नाही. काचबिंदूने ती नजरच हळूहळू नेली. चाळिशीत स्वतःचा हातही दिसेनासा झाला.

मालक माणूस भला. म्हणाले, "वहिनी, तुम्हाला काढणार नाही. दारापाशी खुर्ची टाकतो. नुसत्या बसा, पगार चालू राहील."

दोन महिने वहिनी बसल्या. बायका चहा आणून देत, पण जवळ आल्या की आजाऱ्याच्या उशाशी आल्यासारख्या हळू बोलत.

"कुंडीतल्या झाडासारखी झालेय मी," त्या घरी नवऱ्याला म्हणाल्या. "वेळच्या वेळी पाणी घालतात, एवढंच."

"मग सोड की."

"सोडणार नाही. काम मागणार आहे."

त्यांनी कारखान्यातून टाकाऊ बटणांची पिशवी मागून आणली. बटण सुटं करायचं, चाचपून पुन्हा जोडायचं. पत्र्याने बोटं कापली. स्प्रिंगा उडून कपाटाखाली जायच्या आणि नवरा ओणवा होऊन शोधायचा. "लग्नात हे ठरलं नव्हतं हं," तो कुरकुरायचा, पण शोधून द्यायचा.

तीन आठवड्यांनी वहिनींनी मालकांपुढे दहा बटणं ठेवली. मालकांनी एकेक दाबून पाहिलं. "हे एक अडकतंय."

"त्याचा साचाच वाकडा आहे. चौदा वर्षं तेच तर पकडत होते मी."

मालक हसले. "बरं, महिनाभर बघू."

जोडणीच्या टेबलावर दुसऱ्याच दिवशी घोळ झाला. कुणीतरी चांगुलपणाने त्यांचे डबे नीट मांडून ठेवले, आणि स्क्रूच्या जागी स्प्रिंगा आल्या. सकाळ वाया गेली. "मी म्हणतच होतो..." मुकादमाने सुरुवात केली.

वहिनी उठून उभ्या राहिल्या. "काय म्हणत होतात ते राहू द्या. माझ्या डब्यांना कुणी हात लावायचा नाही. लावलाच, तर तोंडाने सांगायचं. डोळे गेलेत माझे, कान शाबूत आहेत!"

त्यानंतर डबे हलले नाहीत. महिना संपला, तरी त्यांना कुणी उठवलं नाही. वर्षभरात त्यांचा हात इतरांच्या बरोबरीला आला.

एका दुपारी शेजारची फटकळ बाई खेकसली, "वहिनी, गप्पा आवरा! तुमच्यापायी माझी पेटी भरायची अडलीय."

पलीकडच्या बाईने तिला कोपराने ढोसलं.

"आधी झाकणं वेळेवर दे, बये!" वहिनी तेवढ्याच जोरात ओरडल्या. भांडण चांगलं अर्धा तास रंगलं.

त्या संध्याकाळी वहिनी घरी आल्या त्या खुशीतच. "आज मला शिव्या बसल्या," त्यांनी नवऱ्याला सांगितलं.